गर्दीतला आमचा

माझ्या पुतण्याची मान २००८च्या फेब्रुवारीत चार दिवस अवघडली होती. ती कशानं अवघडली, हे आम्हाला २०२५च्या चैत्रात, गावातल्या सप्ताहाच्या पाचव्या दिवशी कळलं.

२००८ साली तो नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. मुंबईत एका कंपनीची परीक्षा आहे असं सांगून त्यानं दादांकडून, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडून, दोन हजार रुपये नेले. गुरुवारी संध्याकाळी देवगिरीच्या जनरल डब्यात शिरला आणि रविवारी सकाळी आमच्या गावच्या, डोंगरकड्याच्या स्टँडवर एसटीतून उतरला, तेव्हा पोरगं ओळखू येईना. घसा पार बसलेला. मान डावीकडं वळत नव्हती, त्यामुळं कुणी त्या बाजूनं हाक मारली की अख्खा फिरायचा, ट्रॅक्टरची ट्रॉली वळावी तसा. कानात शिट्टी वाजतीय म्हणाला. मायनं, म्हणजे माझ्या आईनं, मानेला गरम हळदीचा लेप लावला, रात्री हळदीचं दूध पाजलं (आमच्या भागात एक वेळ घरातली साखर संपेल, हळद संपत नाही) आणि गल्लीभर सांगितलं, "लई अवघड पेपर होता म्हणं. मान मोडूस्तोर लिवलंय लेकरानं."

त्या परीक्षेचा निकाल अर्थातच कधी लागला नाही. दादा इतिहासाचे मास्तर. परीक्षा घेऊन निकाल न लावणाऱ्या त्या कंपनीला ते पुढं कितीतरी वर्षं शिव्या घालत होते. "फी घेतात, पेपर घेतात, आणि एक पोष्टकार्ड टाकायला यांचा हात मोडतो." हा विषय निघाला की पुतण्या उठून गोठ्याकडं जायचा. आम्हाला वाटायचं, पोराला लागलंय मनाला.

मग तो पास झाला, पुण्याला नोकरीला लागला, लग्न झालं, डोक्यावरचे केस विरळ झाले. २०२५च्या एप्रिलात हळदीच्या कामासाठी आठ दिवसांची सुटी काढून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत एक जुनी डीव्हीडी होती. घर बदलताना खोक्यात सापडली म्हणाला. वेष्टनावर कवटीच्या तोंडाचं भूत. मायनं ते पाहिलं आणि डीव्हीडी आधी देवघरापासून लांब ठेवायला लावली.

ती होती 'फ्लाइट ६६६'. आयर्न मेडन नावाच्या विलायती हेवी मेटल बँडच्या दौऱ्याचा सिनेमा. रात्री जेवायला बसल्यावर पुतण्यानं कबुली दिली.

"दादा, ती परीक्षा नव्हती. मी यांच्या कार्यक्रमाला गेलतो."

दादा जेवत राहिले. भाकरीचा तुकडा, ठेचा, पुन्हा भाकरी. पाणी प्याले. मग म्हणाले, "म्हणजे त्या कंपनीचा काही दोष नव्हता."

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण पुतण्या पुढं बोलून गेला, की १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानात या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला, तिथं या सिनेमावाल्यांचे कॅमेरे होते, आणि त्या गर्दीत तोही होता. डीव्हीडी घेतल्यापासून त्यानं बऱ्याचदा शोधलं, पण तो कुठं दिसत नाही.

"तुला काय दिसतंय," माय म्हणाली. "चष्मा लावायची लाज वाटती तुला. लाव तो सिनेमा. मी बघते."

आता या सिनेमाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण हेवी मेटल म्हटल्यावर आमच्या वयाच्या माणसांचा हात आपोआप कानाकडं जातो. माझाही गेला होता. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडेन या दोघा कॅनेडियनांनी तो काढला. त्यातला डन मानववंशशास्त्र शिकलेला. म्हणजे दूरच्या बेटावर जाऊन तिथल्या लोकांच्या देवाधर्माच्या वह्या भरायच्या, ती विद्या. या गृहस्थानं बेट सोडून काळे टीशर्टवाले निवडले. दौरा होता मुंबईपासून टोरोंटोपर्यंत, ४५ दिवसांत २३ कार्यक्रम. एवढ्या दिवसांत एवढं जग फिरायचं तर सामान बोटीनं पाठवून भागत नाही. म्हणून बँडनं एक बोइंग ७५७ विमान भाड्यानं घेतलं, मागच्या बाजूच्या खुर्च्या काढल्या, तिथं सुमारे १२ टन सामान भरलं आणि पुढच्या खुर्च्यांवर माणसं बसवली. विमान चालवायला होता ब्रूस डिकिन्सन. हाच रात्री स्टेजवर गाणार. दिवसा कॅप्टनची टोपी, रात्री घसा फोडून गाणं.

पुतण्याला हे फार अपूर्वाईचं वाटत होतं. मला नाही वाटलं. मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात, ते आम्ही लहानपणापासून पाहिलेत. एकाच ट्रकमध्ये तंबू, कनाती, जनरेटर, ढोलकीची पेटी आणि त्यावर माणसं. दुपारी ज्या ड्रायव्हरनं आम्हाला ट्रकला हात लावला म्हणून हाकललं, तोच रात्री वगात हातात भाला घेऊन राजाच्या दरबारात उभा होता. विमान म्हणजे पंख लावलेला ट्रक. फडमालकाची अडचण एकच असते: माणसं आणि सामान एका वेळी, एका जागी पोचलं पाहिजे. ती लंडनच्या फडालाही चुकलेली नाही.

आता सप्ताह. हनुमान जयंतीला काला, त्याआधी सात दिवस अखंड हरिनाम. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री आठ ते दहा कीर्तन. दहाला आवाज बंद करायचा म्हणून अलीकडं कीर्तन लवकर उभं राहतं. मारुतीच्या देवळावर चार कर्णे बसवले होते. चार कमी पडतात म्हणून पाचवा आमच्या माळवदावर, कारण गल्लीत आमचं घर उंच. मायचे गुडघे गेल्यापासून ती देवळात जात नाही. "कर्णा दारात आलाय, मी कामून जाऊ?" हा तिचा बिनतोड मुद्दा. त्यामुळं तिला रात्री आठ वाजता कीर्तन ऐकायचं होतं आणि आठ वाजताच नातू शोधायचा होता.

ओसरीत टीव्ही लावला. जुना प्लेअर पुसून काढला. डीव्हीडी फिरली, विमान उडालं, आणि बरोबर त्याच क्षणी आमच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून मृदंगावर थाप पडली.

पुतण्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. पन्नास. सत्तर. शंभर. त्यापुढं आकडे नव्हते. तीन गिटारवाले जीव तोडून वाजवत होते, ढोलांच्या ढिगामागं निको मॅकब्रेन नावाचा म्हातारा घामानं निथळत होता, डिकिन्सन गळ्याच्या शिरा फुगवून ओरडत होता, आणि आमच्या ओसरीत ऐकू येत होता टाळ-मृदंग. ज्या संगीताच्या आवाजापायी जगभरात पोलिसांना फोन जातात, ते संगीत डोंगरकड्यात मुक्याच्या फडासारखं हातवारे करत होतं. पुतण्याचा चेहरा पाहवत नव्हता. मुंबईत म्हणे धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मोठा जलसा भरायचा. पण आजूबाजूला दवाखाने आणि कॉलेज, तो सगळा शांतता क्षेत्राचा पट्टा ठरला आणि तिथला आवाज बंद झाला. मेटलवाल्यांना शांततेनं हरवलेलं त्याला माहीत होतं. आवाजानं हरवलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता.

मग त्यानं दुसरा उपाय काढला. टीव्हीशेजारी उभा राहून तो स्वतःच ओरडून सांगू लागला.

"आता मुंबई आली! आता आधी भाषण लागतं!"

"कुणाचं?"

"चर्चिलचं!"

दादा चष्मा पुसत होते, ते थांबले. "कुणाचं?"

या दौऱ्यातला प्रत्येक कार्यक्रम चर्चिलच्या ४ जून १९४०च्या भाषणानं सुरू व्हायचा. ब्रिटिश संसदेतलं, शेवटपर्यंत लढत राहू असं बजावणारं ते भाषण. त्यामागोमाग 'एसेस हाय' हे गाणं, १९८४च्या 'पॉवरस्लेव्ह' तबकडीतलं. १९४०च्या उन्हाळ्यात जर्मनांच्या विमानांशी झुंजणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांचं ते गाणं. म्हणजे २००८ साली मुंबईत चर्चिलचा आवाज घुमला आणि हजारो पोरांनी हात उंचावून आरोळ्या ठोकल्या. जिवंतपणी चर्चिलचं असं स्वागत मुंबईत झालं नसतं, याबद्दल मला शंका नाही.

दादा आता रागावणार, असं मला वाटलं. पण निवृत्त मास्तरचं काही सांगता येत नाही. ते उठले, टीव्हीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि तेही ओरडून सांगू लागले. त्यांनी सांगितलं ते असं. १९४० साली आपण इंग्रजांच्या मुलखात नव्हतो, निजामाच्या मुलखात होतो. आपला हिंगोली जिल्हा झाला १९९९ला. त्याआधी हे सगळं परभणीत. ब्रिटिश हवाई दलाची १५२ क्रमांकाची एक तुकडी होती, तिचं नावच हैदराबाद स्क्वाड्रन. १९३९च्या ऑक्टोबरात ती नव्यानं उभी केली ती निजामाच्या देणगीवर. त्या तुकडीकडं स्पिटफायर विमानं होती, गाण्यातल्या त्याच लढाईत ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून लढली, आणि तिच्या मानचिन्हावर निजामाची पगडी आहे.

"निजामाकडं पैसा कुठून आला?" दादांनी विचारलं. वर्गात विचारायचे तसंच, उत्तराची वाट न पाहता. "शेतसाऱ्यातून. आपल्या आज्यानं भरलाय तो सारा. याच डोंगरकड्यात."

आम्ही सगळे टीव्हीकडं पाहू लागलो. ब्रूस डिकिन्सन स्टेजवर इकडून तिकडं धावत होता. त्याच्या गाण्यातल्या विमानात आमच्या आज्याच्या ज्वारीचे चार दाणे असल्याची त्याला काही कल्पना नव्हती.

"त्यात माझे दोन हजार धर," दादा पुतण्याला म्हणाले आणि खाली बसले.

मग कॅमेरा गर्दीकडं वळला आणि माय सरसावली.

लग्नाच्या कॅसेटी पहिल्यांदा आमच्या भागात आल्या, तेव्हाची गोष्ट. हॅलोजनचा दिवा डोळ्यावर मारत व्हिडिओवाला पंगतीतून फिरायचा. पुढं महिनाभर त्या कॅसेटी घराघरात लागायच्या. त्या पाहताना नवरा-नवरीकडं कुणाचं लक्ष नसायचं. अक्षता पडताना सगळे मागच्या रांगेत बघायचे. "ही मी. ही मी. अगं बाई, पदर कसा दिसतोय." एकदा आमचे एक नातेवाईक अख्खी कॅसेट दोन वेळा पाहून रुसून बसले, कारण त्यांनी आहेर केला तेव्हा कॅमेरा आइस्क्रीमकडं होता. आता सप्ताहाचं कीर्तनही मोबाइलवर थेट दिसतं. दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा लावून बघतात, ते अभंगासाठी नाही. टाळकऱ्यांत आपला कुठं उभा होता, ते पाहायला.

गाण्याच्या कार्यक्रमाचे सिनेमे कोण विकत घेत असेल, असा मला प्रश्न होता. गाणं ऐकायचं तर तबकडी असते, पाहायचं तर प्रत्यक्ष जावं. पण त्या रात्री ओसरीत बसून मला वाटलं, हे सगळं लग्नाच्या कॅसेटीचंच घराणं आहे. वाजवणारे निमित्ताला. कॅमेरा खरा फिरतो तो पंगतीतून. आवाज गेला म्हणून आमचं फारसं काही अडलं नाही, ते यामुळं.

माय टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन बसली होती. पडद्यावर काळे टीशर्ट, उडणारे केस, वर गेलेले हात. "हा नाही. हा नाही. हा तर बामणाचा दिसतो. हा नाही." पुतण्या सांगत होता, की आजी, मी एकदम उजवीकडं मागं होतो, माझ्यापुढं एक साडेसहा फुटी माणूस होता, मला स्वतःलाच स्टेज दिसलं नाही, ते मोठं भूत आलं तेव्हा त्याचं फक्त टाळकं दिसलं. माय ऐकत नव्हती.

"याच्या अंगात आलंय," ती एका पोराकडं बोट दाखवून म्हणाली. पोरगं खरंच केस मोकळे सोडून मान गरागरा फिरवत होतं. यात्रेत डफाच्या तालावर बाया घुमतात, तसं. "आणि हे दोन बोटं काय दाखवायलेत सगळे? शिंगं?"

त्याचीही गोष्ट निघाली. ही करंगळी आणि तर्जनी उभी धरायची खूण मेटलवाल्यांत रुजवली ती रॉनी जेम्स डिओ या गायकानं. आणि ती त्यानं घेतली होती आपल्या इटालियन आजीकडून. ती म्हणे दृष्ट लागू नये म्हणून रस्त्यानं चालताना अशी बोटं करायची.

मायनं डीव्हीडीच्या वेष्टनाकडं पाहिलं. भुताविषयीचं तिचं मत थोडं बदललं असावं. "मीठमोहऱ्या नसतील त्यांच्याकडं," ती म्हणाली.

एव्हाना कर्ण्यावरचं कीर्तन रंगात आलं होतं. आमच्या जिल्ह्यात कीर्तनकार नामदेवांवाचून पुढं सरकत नाही. नर्सी इथलीच, औंढ्याचा नागनाथही इथलाच. बुवा औंढ्याची कथा सांगत होते: नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, म्हणून ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि गाणं असं लागलं की देऊळच त्यांच्याकडं फिरलं. नंदी अजून पाठीमागं आहे. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली कथा. पडद्यावर त्या वेळी बँडचं ते इजिप्तचं देऊळ होतं. मोठमोठ्या मूर्ती, पिरॅमिडांची रंगवलेली चित्रं, १९८४च्या दौऱ्याच्या धर्तीवर पुन्हा उभं केलेलं. कर्ण्यात बुवा म्हणाले, "फिरलं!", मंडपात गजर उठला, आणि पडद्यावर हजार हात वर गेले. मृदंगाच्या लग्गीवर मॅकब्रेनचे हात पडू लागले. पाच-सहा आवर्तनं तरी बरोबर समेवर आली. मग तो चुकला. किंवा आमचा मृदंगवाला चुकला असेल. मी त्यातला जाणकार नाही.

"हा बघ!"

मायनं एवढ्या मोठ्यानं म्हटलं की कर्ण्यावरूनही ऐकू आलं. पुतण्यानं चित्र थांबवलं. पडद्यावर एक विशीतला पोरगा. तोंड उघडं, डोळे मिटलेले, मान डाव्या खांद्यावर कललेली.

"आजी, हा मी नाही."

"तूच हायेस. मान बघ. म्हणून तर अवघडली."

"माझ्याकडं असला टीशर्टच नव्हता. मी चौकड्याचा शर्ट घालून गेलतो."

"कुणाचा तरी घेतला असशील."

दादा जवळ जाऊन पाहून आले. मीही पाहिलं. पोरगा आमचा नव्हता. पण नाही म्हणावं तर तसं ठाम काही सांगताही येईना. सतरा वर्षांपूर्वी हा कसा दिसत होता, ते आम्हाला कुणाला नीट आठवत नव्हतं. खुद्द त्यालाही.

हे आवाजाचं वेड त्याला कुठून लागलं, याचा शोध पुण्यात किंवा मुंबईत घ्यायची गरज नाही, असं माझं मत आहे. हळद शिजवून, वाळवून झाली की पॉलिशला घेतात. भोकाभोकांचा लोखंडी ढोल, ट्रॅक्टरला जोडलेला. त्यात वाळली हळकुंडं भरून तो फिरवला की जो आवाज निघतो, त्याला मराठीत शब्द नाही. खडखडाट म्हणावा तर त्याला खालून एक घरघर असते, आणि ती पायातून वर चढते. चार तास तिथं उभं राहिलेला माणूस संध्याकाळी घरी बायकोशीही ओरडून बोलतो. पापण्यांवर पिवळी धूळ, कानात शिट्टी. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या चकाकीचं लोक कौतुक करतात. ती चकाकी या ढोलातून येते. पुतण्या चार वर्षांचा असल्यापासून त्या ढोलाजवळ जाऊन बसायचा. इतर पोरं कान झाकून पळायची. हा मान हलवायचा. आम्ही समजायचो, माशा हाकलतोय.

दहाला कीर्तन संपलं. शेजारचे मामा टाळ घेऊन घरी निघाले होते, ते उजेड पाहून आत आले. मामा तरुणपणी गावचे मृदंगवाले होते. कडबाकुट्टीत उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली, तेव्हापासून टाळावर असतात. आता आवाज ऐकू येत होता, म्हणून पुतण्यानं तो पंधरावर आणला. मामांनी थोडा वेळ ऐकलं. "वाजवायलेत कडक. पण खालचा सूर असा जड कामून हाय?"

पुतण्याला अख्ख्या गावात विचारणारा एक माणूस भेटला. त्यानं खुर्ची ओढून सांगायला घेतलं. हे सगळं संगीत निघालं इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम गावातून, लोखंडाच्या कारखान्यांच्या. तिथं टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडायचा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी मशिनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा. तारा दाबायचा हात तोच. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं लावलं. तारा दाबताना दुखायचं, म्हणून पुढं त्यानं तारा ढिल्या केल्या. ढिल्या तारांचा सूर उतरला, जड झाला. त्या जड सुरातून ब्लॅक सॅबथ हा बँड उभा राहिला आणि त्यांच्यामागून हे सगळे.

मामा बराच वेळ स्वतःच्या हाताकडं पाहत होते.

"मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतो आपण, सूर उतरवायला," ते म्हणाले. "त्यानं कणीक लावली म्हण की."

मग विचारलं, "बाटली कोणती होती म्हणलास?"

पुढं जुलैत पुतण्याचा फोन आला होता. ५ तारखेला त्याच बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला, उभं राहवत नव्हतं म्हणून, आणि २२ तारखेला गेला. "मामांना सांगा," म्हणाला, "बोटं तुटलेला अजून वाजवतोय." मी सांगितलं.

पण त्या रात्रीचं राहिलं. सिनेमा कोलंबियातल्या बोगोटापर्यंत आला होता. तिथली पोरं कार्यक्रमाच्या कितीतरी दिवस आधी येऊन रांगेत तंबू ठोकून बसली होती. आषाढीच्या दर्शनबारीची आठवण यावी तशी. कार्यक्रम संपला, गर्दी पांगली, आणि एक तरुण एकटा उभा दिसला. मॅकब्रेननं फेकलेली ढोलाची एक काठी त्याच्या हाती लागली होती. तो ती छातीशी धरून रडत होता. कॅमेरा त्याच्यावर थांबला होता, कुणी काही बोलत नव्हतं. माय पुढं सरकली. मला वाटलं आता ही यालाही नातू ठरवते. ती म्हणाली, "याला पाणी द्या कुणीतरी."

आणि लाइट गेली. डीव्हीडी प्लेअरमध्येच अडकली, खण उघडेना. अंधारात पुतण्यानं उरलेला सिनेमा तोंडी सांगितला: ब्राझीलमधला एक धर्मोपदेशक, अंगभर याच बँडचे टॅटू गोंदवलेला, मग अर्जेंटिना, चिली, शेवटी टोरोंटो. मामा हुंकार देत होते. माय झोपली होती.

काल्याच्या दिवशी महाप्रसादाच्या पंगतीत मायनं सगळ्यांना सांगितलं, की आमचा नातू इंग्रजी सिनेमात आहे. डीव्हीडी अजून त्या प्लेअरमध्येच आहे. लाइट असली की चालते. पुतण्या परत गेल्यावर आम्हाला ते चित्र नेमकं कुठं थांबवायचं, ते जमायला आठ दिवस लागले, आता जमतं. परवा हदगावचे पाव्हणे आले होते. मायनं लावायला सांगितलं. मुंबई आली, चर्चिल बोलला, गर्दी आली, मी बटण दाबलं. मान कललेला तो पोरगा पडद्यावर थांबला.

पाव्हण्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "नाक आजोबावर गेलंय."